विश्रामबागेतली बिऱ्हाडे

पुण्यात तुळशीबागेच्या गर्दीतून बाजीराव रस्त्यावर आले, की विश्रामबाग वाड्याचा लाकडी दर्शनी भाग दिसतो. खाली बस, रिक्षा आणि दुचाक्यांचा अखंड लोंढा. वर सागवानी सज्जा, सुरूचे खांब आणि नक्षीदार महिरपी. रोज हजारो माणसे या सज्जाखालून जातात. त्यांतल्या बहुतेकांना वाडा पेशव्यांचा होता एवढे ठाऊक असते. काही जणांची समजूत असते की रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या थोरल्या बाजीरावांनीच तो बांधला. तसे नाही. वाडा बांधला त्यांच्या नातवाने, रघुनाथरावांच्या मुलाने, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने. थोरले बाजीराव १७४० मध्ये गेले, आणि हा वाडा उभा राहिला १८०७ च्या सुमारास.

हे पुस्तक त्या वाड्याविषयी आहे. पण ‘पेशव्यांचा वाडा’ या दोन शब्दांत जे चित्र उभे राहते, ते या वास्तूच्या बाबतीत फार अपुरे आहे. दुसऱ्या बाजीरावाला हा वाडा लाभला जेमतेम दहा-अकरा वर्षे. त्यानंतर इथे पाठशाळा आली, कॉलेज आले, शाळा आली, नगरपालिकेची कचेरी आली, टपालखाते आले. पाठशाळा आणि तिचेच पुढे झालेले कॉलेज यांनी मिळून १८२१ ते १८६८ अशी सत्तेचाळीस वर्षे इथे काढली, म्हणजे मालकापेक्षा चौपटीहून अधिक. वाड्याच्या भिंतींनी राजकारण थोडे ऐकले. त्याहून कितीतरी अधिक व्याकरणाची सूत्रे, पाढे आणि घरपट्टीच्या तक्रारी ऐकल्या. माझे म्हणणे असे, की हा वाडा आज उभा आहे तो या पुढच्या बिऱ्हाडांमुळे. पुण्यातल्या दुसऱ्या मोठ्या वाड्यांचे काय झाले हे पाहिले, की याची खात्री पटते.

आधी मूळ मालकाविषयी. १७७५ मध्ये धारला जन्मलेला बाजीराव कोवळ्या वयातच नजरकैदेत वाढला आणि १७९६ च्या अखेरीस, पुष्कळ कारस्थानांनंतर, पेशवा झाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांशी वसईचा तह झाला. पुढच्या वर्षी इंग्रजांच्या संरक्षणाखाली तो पुण्यात परतला, तेव्हा पेशवाईची वस्त्रे त्याच्याकडे होती, पण लढाई-तहाचे निर्णय त्याच्या हाती उरले नव्हते. वाड्याचे काम याच काळातले. ज्या राज्यकर्त्याला मोहिमेवर निघायचे नसते, त्याच्या तिजोरीतला पैसा बांधकामाकडे वळतो. बाजीरावाने पुण्यात एकाहून अधिक वाडे बांधले, त्यामागचे मोठे कारण मला हेच वाटते.

दुसरे कारण शनिवारवाड्याशी जोडले जाते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून तिथे झाला, आणि त्या कटाबद्दल संशयाचे बोट बाजीरावाच्या आईवडिलांकडे होते. सवाई माधवरावांचा अंतही त्याच वाड्यात वरून पडून झाला. अशा घरात रात्र काढणे बाजीरावाला नकोसे होते, असे पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. त्याच्या मनातले कोणी पाहिले नाही. पण शनिवारवाड्याच्या तटाबाहेर, शहराच्या दाट वस्तीत, त्याने स्वतःसाठी नवे घर उभे केले एवढे खरे. जागा हरिपंत फडक्यांच्या बागेची होती. वाड्याला खर्च आला दोन लाख रुपये. बांधकामाशी मनसाराम लक्ष्मण आणि दाजी सुतार ही दोन नावे जोडली जातात. पेशवाईतल्या बहुतेक वास्तूंच्या बाबतीत ज्याने पैसे दिले त्याचेच नाव उरते, ज्याने लाकूड घडवले त्याचे नाही. म्हणून ‘सुतार’ हा शब्द इथे इतिहासात टिकून राहिला याचे मला फार मोल वाटते.

आता वाड्याच्या बांधणीकडे वळू. इथे घाई करून चालणार नाही.

पेशवेकालीन वाड्याचा पाया आणि जोते काळ्या दगडाचे असते. जोत्यावर दगडी तळखडे बसवतात आणि त्या तळखड्यांवर सागवानी खांब उभे राहतात. तळखड्याचे काम केवळ खांबाला टेकू देण्याचे नाही. जमिनीतली ओल लाकडात चढू नये म्हणून मध्ये दगड घातलेला असतो. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि वाड्याचे माप या खणांतच सांगितले जाते. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि त्यावर पुढचा मजला. भिंती विटांच्या असल्या तरी वजन मुख्यतः लाकडी सांगाडा पेलतो. हे ध्यानात ठेवले तर विश्रामबागेचा दर्शनी भाग वेगळ्याच नजरेने पाहता येतो.

तिथले खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचे आहेत. बुडाशी आवळलेले, लगेच वर फुगीर, आणि मग माथ्याकडे हळूहळू निमुळते होत गेलेले. माथ्यावर पाकळ्यांची कातरण आणि केळफुले. खांबांच्या मध्ये पाकळीदार महिरपी. हे सगळे रूप मूळचे उत्तरेतले, शहाजहानच्या काळातल्या दिल्ली-आग्र्याच्या महालांतले. तिथे ते संगमरवरात आणि लाल दगडात घडले. मराठ्यांचा उत्तरेशी संबंध वाढला तसे ते इकडे आले आणि सागवानात उतरले. या स्थलांतरात एक मोठा फरक पडला. दगडी कमान वरचा भार खाली उतरवते. वाड्यातली लाकडी महिरप असा कोणताही भार घेत नाही. भार आडवी तुळई घेते, आणि महिरप म्हणजे तुळईच्या खाली, दोन खांबांच्या मध्ये बसवलेली कोरीव फळी. ती काढून ठेवली तरी मजला जागचा हलणार नाही. काही जाणकारांना यात नकलेचा दोष दिसतो. मला तसे वाटत नाही. पुण्याच्या सुतारांनी दगडाचा आकार घेतला, पण आपल्या लाकडाचा धर्म सोडला नाही. सांगाडा देशी पद्धतीचा सरळ, चौकोनी, हिशेबी ठेवला आणि शोभा त्यावर स्वतंत्रपणे चढवली. शोभेला वजन पेलायचे नव्हते, म्हणूनच ती इतकी बारीक आणि मोकळी होऊ शकली.

रस्त्यावर पुढे आलेला सज्जा हा या कारागिरीचा कळस. तो कोरीव तीरांवर तोललेला आहे. खाली उभे राहून मान वर केली, की तीरांची नक्षी दिसते, पण त्यासाठी पायवाटेवर थांबावे लागते आणि बाजीराव रस्ता कोणाला थांबू देत नाही. या पुस्तकातली मोजून काढलेली रेखाटने त्यासाठीच आहेत. आत शिरले की चौक लागतात. पुढच्या भागात लोकांची ये-जा, कारभार, भेटीगाठी. जसजसे आत जावे तसतसे घर खासगी होत जाते. वरच्या मजल्यावर दिवाणखाना. चौकामुळे उजेड आणि वारा आतल्या दालनांपर्यंत पोहोचतो, आणि बाहेरचा गलका मात्र पहिल्या चौकातच बराचसा विरतो. भर उन्हाळ्यात दुपारी आतल्या ओसरीवर उभे राहिले तर याचा अनुभव आजही येतो.

या घराचा उपभोग बाजीरावाला फार काळ मिळाला नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले. जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालाना आठ लाखांच्या तनख्यावर त्याची रवानगी गंगेकाठी ब्रह्मावर्ताला झाली आणि तिथेच १८५१ मध्ये त्याचा अंत झाला. पुणे त्याला पुन्हा दिसले नाही.

रिकाम्या वाड्यांचे नशीब पुण्यात बरे नव्हते. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि तट, दरवाजे, जोती एवढेच उरले. विश्रामबागेच्या बाबतीत मात्र बाजीराव गेल्यावर तीन वर्षांतच नवे बिऱ्हाड आले. पेशवे दरसाल श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. इंग्रजांनी राज्य घेतल्यावर ती एकाएकी बंद केली असती तर पुण्यात असंतोष माजला असता. त्या पैशाचा काही भाग विद्येकडे वळवावा, असा विचार एल्फिन्स्टन आणि त्यांच्यामागून दख्खनचे कमिशनर झालेले चॅप्लिन यांनी केला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. व्याकरण, न्याय, वेदान्त, ज्योतिष असे पारंपरिक विषय, शिकवणारे शास्त्री, आणि विद्यार्थी ब्राह्मण. धर्मादायाचा सगळा पैसा एका जातीच्या विद्येवर खर्च होतो हे पुढे तरुण सुधारकांना खुपू लागले. १८४९ मध्ये दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांसाठीही वापरावा असा अर्ज त्यांनी सरकारकडे केला, आणि जोतीराव फुले त्या लोकांच्या बाजूने उभे राहिले. याच जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये इथून हाकेच्या अंतरावर, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली होती. विश्रामबागेचा इतिहास सांगताना भिडे वाडा वगळला, तर पुण्याच्या शिक्षणाचे अर्धेच चित्र हाती येते. १८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले आणि दार इतर जातींनाही उघडले.

या वर्षांतली तीन माणसे मला विशेष महत्त्वाची वाटतात.

पहिले मेजर टॉमस कँडी. लष्करातून आलेला हा इंग्रज पाठशाळेचा अधीक्षक होता. मोल्सवर्थ यांच्यासोबत त्याने मराठीच्या कोशाचे काम केले. त्याचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. मराठी गद्यात विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय त्याला दिले जाते. त्याने मराठीला शिस्त लावताना तिचा नैसर्गिक डौल थोडा दाबला, ही तक्रार त्याच्या काळापासून आहे आणि तिच्यात तथ्य आहे. तरीही मराठी वाक्य छापील पानावर कसे दिसते, याचा विचार ज्यांनी आयुष्यभर केला त्यांत कँडीचे स्थान फार वरचे आहे.

दुसरे कृष्णशास्त्री चिपळूणकर. १८२४ चा त्यांचा जन्म. याच पाठशाळेत ते शिकले, मोरशास्त्री साठ्यांसारख्यांच्या हाताखाली जुन्या पद्धतीचे पांडित्य मिळवले, आणि मग इंग्रजी शिकून दोन्ही विद्यांत सहज वावरले. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठी पद्यात आणले आणि अरबी गोष्टींचे भाषांतरही हाती घेतले. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा मराठी गद्याला जे बळ आले, त्याची मुळे वडिलांच्या या शिक्षणात शोधावी लागतात.

तिसरे नाव वाचकांना अनपेक्षित वाटेल. एडविन आर्नल्ड. पंचविशीतला हा इंग्रज कवी पूना कॉलेजचा मुख्य म्हणून पुण्यात आला आणि १८६१ पर्यंत राहिला. म्हणजे सत्तावनचा उठाव पेटलेला असताना, ज्याचे नेतृत्व काही काळ बाजीरावाच्या दत्तकपुत्राकडे, नानासाहेबांकडे होते, त्याच सुमारास बाजीरावाच्या वाड्यात एक तरुण इंग्रज संस्कृत शिकत होता. इथल्या शास्त्र्यांच्या सहवासात त्याला ज्या वाङ्मयाची गोडी लागली, तिचे पहिले फळ म्हणजे हितोपदेशाचे इंग्रजी रूपांतर. पुढे त्याने बुद्धचरित्रावर दीर्घकाव्य लिहिले, १८८५ मध्ये भगवद्गीता इंग्रजी पद्यात आणली, आणि लंडनमध्ये शिकत असताना मोहनदास गांधींनी गीता प्रथम वाचली ती याच भाषांतरातून. विश्रामबागेतल्या शास्त्र्यांपासून गांधींच्या गीतेपर्यंत एक धागा असा जातो. पुण्याने त्याची फारशी आठवण ठेवलेली नाही, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो.

१८६४ मध्ये कॉलेजला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेले. वाड्यात मग सरकारी हायस्कूल भरू लागले.

१८७९ चा मे महिना पुण्यासाठी विलक्षण होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळलेली होती. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार धास्तावले होते. अशात एका रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा दोन्ही पेटले. बुधवार वाड्यात सरकारी कचेऱ्या होत्या. आग फडक्यांच्या लोकांनी लावली असा संशय लगेच घेतला गेला, आणि त्याची झळ पुण्याच्या पुढाऱ्यांनाही बसली. न्यायमूर्ती रानडे तेव्हा नाशिकला होते. त्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली आणि तिथे काही काळ त्यांची पत्रे फोडून पाहिली जात, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. प्रत्यक्षात आगीचे मूळ निघाले भलतेच. सरकारी पुस्तकांच्या डेपोतला रानडे आडनावाचाच एक नोकर आणि त्याचा साथीदार यांनी हिशेबातली अफरातफर लपवण्यासाठी हे कृत्य केले होते. एका माणसाच्या चोरीपायी शहराची दोन शतकांच्या सांध्यावरची वास्तुसंपदा राखेत गेली, आणि निष्ठावान, कायद्याने वागणाऱ्या माणसांवर राजद्रोहाचा संशय आला.

या आगीनंतर जे घडले, तिथे माझ्या म्हणण्याला आधार मिळतो. बुधवार वाडा गेला तो गेलाच. विश्रामबागेचा काही भाग जळाला, पण पुणेकरांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने पैसे घातले, आणि वाडा पुन्हा उभा केला. पेशव्यांच्या आठवणीचा ओलावा त्यामागे होताच. पण केवळ आठवणीसाठी लोकांनी शनिवारवाडा पुन्हा बांधला नाही. विश्रामबाग ही पुण्याची चालती शाळा होती. अनेक घरांतली मुले तिथे शिकत होती, बापही तिथेच शिकले होते. तो वाडा आता लोकांचा झालेला होता, आणि म्हणून त्याच्यासाठी खिशात हात गेला.

पुढे नगरपालिकेने आपला कारभार इथे आणला. महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखालच्या कचेरीनंतर विश्रामबाग हे तिचे ठिकाण झाले, आणि १९५० मध्ये महानगरपालिका झाल्यावरही काही वर्षे ते तसेच राहिले. या काळाविषयी फार कोणी लिहीत नाही. कारकून, टाइपरायटर, लाकडी कपाटे आणि फायली यांना इतिहासकार सहसा विचारत नाहीत. मला मात्र तो काळ महत्त्वाचा वाटतो. जन्ममृत्यूच्या नोंदी, नळाची जोडणी, घर बांधायची परवानगी, रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार, यांसाठी सामान्य पुणेकर ज्या जिन्याने वर गेला तो पेशव्याचा जिना होता. ज्या दाराशी कधी चोपदार उभे असत, तिथून आता मंडईतला भाजीवाला आपला परवाना घेऊन बाहेर पडत होता.

वापराने वास्तूचे नुकसानही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. कचेऱ्या आल्या की दालनांत आडभिंती येतात, कोरीव खांबांना खिळे ठोकले जातात, तुळयांवरून वीजतारा फिरतात, नक्षीवर तैलरंगाचे थर चढतात. पण रोज माणूस वावरत असेल तर छपराचे फुटलेले कौल पहिल्या पावसातच लक्षात येते. लाकडी वाड्याचे खरे वैरी पाणी आणि वाळवी. कौलातून टिपकणारे पाणी तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, मुरते. बाहेरून लाकूड धडधाकट दिसते आणि आतून त्याचा भुगा होतो. कुलूपबंद वाड्यात हे कळेपर्यंत मजला खचलेला असतो. खिळे उपटता येतात, रंग खरवडता येतो, आडभिंत पाडता येते. कुजलेली तुळई मात्र बदलावीच लागते, आणि तशा जाडीचे, तशा लांबीचे जुने सागवान आज मिळत नाही. भिडे वाड्याचे काय झाले ते आपण पाहिले. वर्षानुवर्षांच्या कोर्टकज्ज्यांत तो खिळखिळा होत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी जमीनदोस्त झाला. जिथे सावित्रीबाई शिकवत होत्या त्या भिंती आता कोणालाच दाखवता येणार नाहीत.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महानगरपालिकेने विश्रामबागेच्या जतनाचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले. ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या वाढीचे प्रदर्शन इथे मांडले गेले आणि टपाल कार्यालयानेही वाड्यात जागा राखली. त्या टपाल कार्यालयाविषयी मला विशेष आस्था आहे. जतन म्हणजे दोरी बांधून आत शिरायला मनाई करणे, असे समजणाऱ्यांना ते खुपते. पण पाकीट टाकायला आलेला माणूस नकळत दोनशे वर्षांच्या छताखाली उभा राहतो, ही सोय कुठल्याही तिकिटाच्या प्रदर्शनाला साधणार नाही. वाड्याच्या पुढच्या योजना आखणाऱ्यांनी हे रोजचे बिऱ्हाड हलवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या सगळ्यामुळे पुस्तकाची मांडणीही नेहमीपेक्षा निराळी झाली आहे. राज्यकर्त्यांच्या क्रमाने प्रकरणे केलेली नाहीत. राहणाऱ्यांच्या क्रमाने केली आहेत. आधी सुतार आणि गवंडी, मग पेशवा, मग शास्त्री, कॉलेजातले विद्यार्थी, शाळेतली मुले, नगरपालिकेचे कारकून आणि शेवटी आजचे जतनकार. प्रत्येक प्रकरणासोबत त्या काळात कोणते दालन कशासाठी वापरले गेले याची आखणी आहे. रेखाटने काढणाऱ्यांनी प्रत्येक खण हाताने मोजला आहे. खांब कुठे ओळंब्यातून कलला आहे तेही दाखवले आहे, सरळ करून काढलेला नाही. वाचकाने पुस्तक हातात घेऊन वाड्यात जावे, आतल्या चौकापासून सुरुवात करावी आणि सज्जाची पाने शेवटी, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून उघडावीत. जवळून तीर दिसतात, पण सज्जाची प्रमाणबद्धता पलीकडूनच कळते.

एक मागणेही आहे. नगरपालिकेच्या काळातले वाड्याचे आतले फोटो फार थोडे हाती आले आहेत. पुण्यात अशी घरे नक्की असतील जिथे आजोबा या कचेरीत नोकरीला होते, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांसोबत चौकात काढलेला समूहफोटो अजून भिंतीवर आहे. त्या फोटोतल्या माणसांच्या मागे उभे असलेले खांब, पार्टिशनच्या जागा, जिन्याचा कठडा, हे सारे वाड्याच्या अभ्यासकांच्या उपयोगाचे आहे. घर विकताना किंवा पाडताना असे फोटो रद्दीत जातात. ते जाऊ देऊ नयेत. फोटोमागे साल आणि ओळखीची नावे लिहावीत आणि एक प्रत महानगरपालिकेच्या वारसा विभागाकडे पोहोचवावी.